तेलाच्या ब्लॉकला कागद आहे, माशाच्या जागेला कागद कुठाय?

सुवर्णदुर्गकाठ

माझं माहेर हर्णैचं. वडील तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान, होते, आता भाऊ आहे. मी रत्नागिरीत शिकवते, पण माहेरी फोन केला की बोलणं अजून वारा, डिझेल आणि लिलावातला भाव याच्याभोवतीच फिरतं.

मागच्या थंडीत भावाची जाळी गेली. पहाटे चारचा सुमार, तरती जाळी पाण्यात सोडलेली, खलाश्यांचा जरा डोळा लागलेला. बोटीच्या व्हीएचएफ रेडिओवर हिंदीतून आवाज आला : जाळी उचला, जहाजामागे केबल आहे. लांबवर दिव्यांची रांग दिसत होती. तेलाच्या शोधासाठी सर्वेक्षण करणारं जहाज होतं ते. अशा जहाजामागे कित्येक किलोमीटर लांबीच्या केबली ओढत आणलेल्या असतात, त्यामुळे त्याला मध्येच थांबता येत नाही आणि पटकन वळताही येत नाही. भावाने आणि पोरांनी मिळून अर्धी जाळी वर घेतली. उरलेली केबलीत अडकली आणि जहाजासोबतच्या राखणीच्या बोटीवरच्या माणसांनी ती कापून टाकली. जाळी सोसायटीच्या कर्जाची होती. हप्ते अजून चालू आहेत.

तो भरपाई मागायला गेला तेव्हा समोरच्या साहेबांनी शांतपणे विचारलं, "ती तुमची जागा होती, याचा काही कागद आहे का?"

भाऊ घरी आला आणि दोन दिवस बोलला नाही. आमच्या आजोबांपासून त्या पाण्यात जाळी पडते. किती वावावर (वाव म्हणजे खोलीचं माप) चिखल लागतो, कुठे कातळ आहे, मतलई वारा सुटला की जाळी कुठल्या अंगाला वाहते, हे सगळं त्याला पाठ आहे. पण कागद नाही. तेलाच्या ब्लॉकला, म्हणजे तेल शोधायला आखून दिलेल्या समुद्राच्या तुकड्याला, मात्र चारी कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश आहेत, करार आहे, मुदत आहे. एकाच पाण्यावर दोघे उभे असतात. त्यातल्या एकाचा हक्क नकाशावर काढलेला असतो आणि दुसऱ्याचा तांडेलाच्या डोक्यात.

समुद्रात तेल आणि मासे यांचे हक्क कायद्याने कसे वाटलेत? आणि जिथे सरहद्दच ठरलेली नाही, त्या वादाच्या पाण्यात हे कसं निभावतात? जाणकारांनी मनापासून लिहावं. मला हे भावाला समजावून सांगायचं आहे.

उरणचा फिटर

ताई, वाचून वाईट वाटलं. मी तीस वर्षं समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर काढली, चौदा दिवस वर, चौदा दिवस घरी. म्हणून दुसरी बाजूही सांगतो.

१९७४ च्या फेब्रुवारीत 'सागर सम्राट' या विहीर खोदणाऱ्या रिगने मुंबईपासून साधारण १६० किलोमीटरवर तेल शोधलं (तेच मुंबई हाय) आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. ते तेल पाइपलाइनने आमच्या उरणला येतं. माझ्यासारख्या कितीतरी आगरी-कोळी घरांतल्या पोरांची लग्नं, घरं, पोरांची शिक्षणं त्यावर झाली. देशाला परकीय चलन वाचलं ते वेगळंच. तेलाला नुसतं शत्रू म्हणू नका, एवढीच विनंती.

प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटरचा सुरक्षा पट्टा असतो. मच्छीमारांना त्याचा राग येतो, कारण नेमकं तिथेच मासं असतं. खांबांवर शिंपले, शेवाळ धरतं, रात्री दिवे असतात, त्याच्याखाली मासळी गोळा होते. आम्ही वरून पाहायचो आणि खाली होड्या दिव्याकडे सरकताना दिसायच्या. भोंगा वाजवायचा, हात हलवायचे. काही वेळा त्या बोटीवर ओळखीचाच माणूस असायचा.

पण तो पट्टा उगाच नाही. २७ जुलै २००५ ला भर पावसाळी समुद्रात एक मदत-जहाज मुंबई हायच्या उत्तरेकडच्या प्लॅटफॉर्मच्या तेल-वायूच्या नळीवर आदळलं. गळती झाली, आग लागली आणि साधारण दोन तासांत अख्खा प्लॅटफॉर्म गेला. २२ माणसं गेली. मी त्या वेळी घरी होतो. त्या रात्री उरणमध्ये कुणी झोपलं नाही. एका बोटीचा धक्का किती महाग पडतो हे ज्याने पाहिलं, तो ५०० मीटर सोडा असं कधी म्हणणार नाही.

तुमच्या भावाचं प्रकरण मात्र पट्ट्याचं नाही. उघड्या समुद्रात जाळी आधीपासून पाण्यात होती. तिथे आधी कळवणं हे जहाजाचं काम.

म्हावरेवाली

आधी कळवणं म्हणजे काय, ते पण लिहा दादा. आमच्याकडे नोटीस इंग्रजीत येते, सोसायटीच्या फळ्यावर लागते. बोटी तेव्हा चार दिवसांच्या फेरीवर बाहेर असतात. नोटीस वाचणार कोण? मी बाजारात बसते. बोट रिकामी आली की टोपलीत काय घालू, हा माझा प्रश्न आहे.

कलम-कचेरी

अलिबागला वकिली करतो. ताईंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर जमेल तितकं सोपं करून देतो.

किनाऱ्यापासून, म्हणजे काटेकोर बोलायचं तर आधाररेषेपासून, १२ सागरी मैल हा प्रादेशिक समुद्र. साधारण २२ किलोमीटर. २०० सागरी मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र, म्हणजे ३७० किलोमीटरच्या आसपास. आपला १९७६ चा सागरी क्षेत्रांचा कायदा हे ठरवतो. १९८२ चा आंतरराष्ट्रीय समुद्र कायदा करारही आपण १९९५ मध्ये मान्य केला आहे.

आता वाटणी बघा. मासेमारी हा घटनेच्या राज्य सूचीतला विषय (नोंद २१), पण प्रादेशिक समुद्राबाहेरची मासेमारी संघ सूचीत (नोंद ५७). तेल मात्र समुद्रात कुठेही असो, केंद्राचं. अनुच्छेद २९७ सांगतो की प्रादेशिक समुद्राच्या आणि सागरमग्न खंडभूमीच्या पोटातली मौल्यवान संपत्ती केंद्राकडे निहित आहे. म्हणजे १२ मैलांच्या आत पाण्यातला मासा राज्याच्या अखत्यारीत आणि त्याच पाण्याखालचं तेल केंद्राच्या. महाराष्ट्राचा १९८१ चा सागरी मासेमारी कायदा तेलाच्या जहाजाला शिवूही शकत नाही. एकाच जागेचे दोन मालक, आणि त्या दोघांना एका टेबलाशी बसवणारी कायमची यंत्रणा मी तरी आजवर कामाच्या ओघात पाहिलेली नाही.

१२ मैलांची रेघ किती खरी असते, याचं उदाहरण केरळचं. फेब्रुवारी २०१२ मध्ये इटालियन तेलवाहू जहाजावरच्या नौसैनिकांनी 'सेंट अँटनी' या मासेमारी बोटीवर गोळीबार केला. दोन मच्छीमार गेले. घटना २०.५ सागरी मैलांवर घडली होती, म्हणून जानेवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की केरळ राज्याला हा खटला चालवण्याचा अधिकार नाही, तो केंद्राचा. मेलेली माणसं मात्र केरळ-तामिळनाडूच्या किनाऱ्यावरची.

आता भावाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची ओळ. १९७६ च्या कायद्याचं कलम ७(५) : आर्थिक क्षेत्रात परवान्याशिवाय कुणीही शोध घेऊ नये, साधनसंपत्ती काढू नये. त्याला जोडलेलं परंतुक, म्हणजे अपवादाचं वाक्य, असं की भारतीय नागरिकाच्या मासेमारीला हे लागू नाही. पन्नास वर्षं मच्छीमार या एका ओळीवर खोल समुद्रात जात आला. (नोव्हेंबर २०२५ च्या नव्या नियमांनी यांत्रिक बोटींना आर्थिक क्षेत्रासाठी प्रवेश-परवाना आणला आहे.) पण नीट वाचा, ती ओळ सूट देते. 'तू परवान्याशिवाय जाऊ शकतोस' इतकंच म्हणते. 'ही जागा तुझी, इथे दुसरं कुणी आलं तर आधी तुला विचारेल' असं कुठेच म्हणत नाही. साहेबांनी कागद मागितला तेव्हा तुमच्या भावाकडे नव्हता, कारण असा कागद देण्याची सोयच कायद्यात नाही.

सुवर्णदुर्गकाठ

कलम-कचेरी, आभार. शेवटचा परिच्छेद भावाला फोनवर वाचून दाखवला. तो म्हणाला, "म्हणजे मी चोर नाही, पण मालकपण नाही."

रापणकार

ताई, आमच्याकडे मालवणात ह्योच प्रश्न येगळ्या तोंडान येता. तेलाचा जहाज आमका दिसाक नाय, पण कर्नाटकातल्या मलपीचे हायस्पीड ट्रॉलर रात्रीचे दिसतत. बारा मैलाच्या आत घुसतत आणि सकाळी आमची जाळी फाटलेली.

बाकीचं प्रमाण मराठीत लिहितो, सगळ्यांना कळावं म्हणून. जागेचा कागद नसला की तेलवाला येवो, ट्रॉलरवाला येवो की एलईडी दिव्यांनी मासे ओढणारा, रापणीवाल्याचं नुकसान सारखंच. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ते ओढायला अख्खी वाडी लागते. ती जागा आजपासून कुणाला, उद्या कुणाला, याची पाळी गावात ठरलेली असते. वाडीतला हा कायदा कुठल्याही सरकारी कायद्याहून जुना आहे.

आणखी एक. पावसाळ्यात दर वर्षी किनाऱ्यावर डांबराचे गोळे येतात. पायाला चिकटतात, जाळ्याला चिकटतात. जाळ्याचं डांबर रॉकेलने धुवावं लागतं. ते कुठल्या जहाजाचं, कुठल्या विहिरीचं, याचा छडा लावत बसायला गरिबाला वेळ नाही. नुकसानीला नाव-गाव नाही, म्हणून भरपाईही नाही.

विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची. समुद्रात बुडालेलं पठार, वर प्रवाळ. १२ मैलांच्या फार बाहेर, म्हणजे राज्य तिथे काही घोषित करू शकत नाही. आमच्या किनाऱ्याची एवढी मोठी ठेव, आणि तिच्याबद्दल बोलायचं तर दिल्लीलाच जायचं.

तलासरीचा मास्तर

वादाच्या पाण्याबद्दल ताईंनी विचारलंय. ते पाणी आमच्या वर्गात बसलेलं असतं, म्हणून लिहितो.

तलासरी-डहाणूकडची आदिवासी पोरं पावसाळा संपला की गुजरातला जातात, ओखा-पोरबंदरच्या बोटींवर खलाशी म्हणून. बोट मालकाची, समुद्र कुठला ते मालकाला ठाऊक, जीपीएस तांडेलाच्या हातात. पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा दलाने बोट धरली की तुरुंगात जातो तो खलाशी. दर वर्षी १ जानेवारीला आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात, २००८ च्या कराराप्रमाणे. त्या दोन तारखांना आमच्याकडे काही घरांत दिवसभर मोबाइल हातात धरून बसतात. माझ्या वर्गातल्या एका मुलीने चौथी ते सातवी वडिलांना पाहिलं नाही.

या सगळ्याच्या मुळाशी सर क्रीक. कच्छच्या रणातली ९६ किलोमीटरची दलदलीची खाडी. तिच्या वादाचं मूळ चक्क मुंबईत आहे. १९१४ मध्ये मुंबई सरकारने, तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता, सिंध आणि कच्छ यांच्यातल्या हद्दीचा ठराव केला. पाकिस्तान त्या ठरावाच्या नकाशावर बोट ठेवून म्हणतं, हद्द खाडीच्या पूर्व काठावर, म्हणजे खाडी पूर्ण आमची. भारत म्हणतो, हद्द प्रवाहाच्या मध्यातून जाते, १९२५ च्या नकाशात तशीच दाखवली आहे आणि खुणेचे खांबही तसेच रोवले आहेत. १९६८ च्या कच्छ सरहद्दीच्या लवादाच्या निवाड्यात हा तुकडा ठरवायचा राहून गेला, तो आजतागायत तसाच आहे.

खाडी तशी कुणाच्या फारशा कामाची नाही. पण तिचं तोंड जिथे ठरेल, तिथून समुद्रातली रेघ सुरू होणार. ती रेघ थोडी सरकली तरी समुद्रात हजारो चौरस किलोमीटर इकडचे तिकडे होतात. तिथे तेल-वायू असण्याची शक्यता बोलली जाते, म्हणून दोन्ही सरकारं ताठ. तेल अजून कुणी काढलेलं नाही. किंमत मात्र माशामागे गेलेल्या पोराने आधीच मोजायला सुरुवात केली आहे.

कलम-कचेरी

मास्तर, तुमच्या लिहिण्याला एक जोड. समुद्र कायदा कराराचं अनुच्छेद ७३ म्हणतं की आर्थिक क्षेत्रात मासेमारीचे नियम मोडले म्हणून, संबंधित देशांत तसा करार नसेल तर, कैदेची शिक्षा देता येत नाही. बोट धरा, दंड करा, जामीन भरला की लगेच सोडा, असं ते आहे. दोन्ही देशांनी करार मान्य केलाय. तरी माणसं वर्षानुवर्षं आत राहतात.

अनुच्छेद ७४ आणि ८३ यांचा तिसरा परिच्छेदही बघा. हद्द ठरेपर्यंत देशांनी तात्पुरती, व्यवहारी व्यवस्था करण्याचा प्रामाणिक प्रयत्न करावा आणि अंतिम तोडगा बिघडेल असं काही करू नये. गयाना आणि सुरिनाम यांचा खटला यावरच गाजला. जून २००० मध्ये गयानाच्या परवान्यावर आलेला तेलाचा रिग सुरिनामच्या नौदलाने वादाच्या पाण्यातून हुसकावला. २००७ च्या निवाड्यात लवादाने दोघांनाही चुकलात म्हणून सांगितलं. विहीर खोदणं म्हणजे समुद्रतळात कायमचा बदल, तो एकतर्फी करू नये. ध्वनिलहरींच्या सर्वेक्षणाने मात्र कायमचा बदल होत नाही, असा फरक त्यात केला आहे.

सुवर्णदुर्गकाठ

तो फरक मला पटत नाही. समुद्रतळ बदलत नसेल, पण हंगाम जातो. १ जून ते ३१ जुलै बंदी. ऑगस्टमध्ये समुद्र खवळलेला. खरे दिवस सप्टेंबरपासून मेपर्यंतचे, त्यातली वाऱ्या-वादळाची वजा करा. सर्वेक्षणाची जहाजंही नेमकी त्याच शांत महिन्यांत येतात, कारण त्यांनाही शांतच समुद्र लागतो. गेलेला पापलेटचा पंधरवडा परत येत नाही. आमच्यासाठी तो कायमचाच बदल.

स्टाव्हांगरहून

मूळचा गुहागरचा. गेली अकरा वर्षं नॉर्वेत, तेलाच्याच क्षेत्रात. ताईंच्या या प्रतिसादानंतर लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

हवेच्या दाबाच्या स्फोटांनी ध्वनिलहरी सोडून केलेल्या सर्वेक्षणाचा माशांवर परिणाम इथे मोजला गेला आहे. बॅरेंट्स समुद्रात केलेला अभ्यास १९९६ मध्ये छापून आला. कॉड आणि हॅडॉकची पकड आसपासच्या पाण्यात सरासरी निम्म्याने घटली, आणि स्फोट थांबल्यावर पाच दिवसांतही पूर्वीच्या पातळीवर आली नाही. तो मासा वेगळा, पाणी थंड. आपल्या पापलेट-बोंबलाला तेच आकडे लावू नका. पण 'काही होत नाही' असं कुणी म्हणालं तर हे दाखवता येईल.

इथे सर्वेक्षणाच्या जहाजावर मासेमारी जाणणारा माणूस ठेवणं बंधनकारक आहे. तो मच्छीमारांशी त्यांच्या भाषेत रेडिओवर बोलतो, जाळी कुठे आहेत ते कप्तानाला सांगतो. पेट्रोलियम कायद्यात मच्छीमारांच्या भरपाईचं स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात मासेमारीची जागा अडली तर काय द्यायचं, तेही आहे.

वादाच्या पाण्याचं उदाहरण तर इथल्या उशाशीच. नॉर्वे आणि सोव्हिएत संघ यांच्यात बॅरेंट्समध्ये सुमारे १,७५,००० चौरस किलोमीटरचा पट्टा वादात होता. शीतयुद्धाचे दिवस, दोन्हीकडे पाणबुड्या. तरी १९७८ मध्ये त्यांनी माशापुरता तात्पुरता करार केला. आपल्या बोटी आपण तपासायच्या, त्यांच्या त्यांनी. कॉडचा वाटा दर वर्षी एकत्र बसून ठरवायचा. तेल मात्र हद्द ठरेपर्यंत त्या पट्ट्यातून काढलं गेलं नाही. हद्द ठरली २०१० मध्ये. म्हणजे बत्तीस वर्षं मासेमारी चालू आणि तेल थांबलेलं. शेवटच्या करारातही मासेमारीचं सहकार्य पुढे चालू राहील असं वेगळं परिशिष्ट जोडलं.

उरणचा फिटर

जहाजावर मच्छीमारांची भाषा जाणणारा माणूस! एवढं एक झालं असतं तरी ताईंच्या भावाची जाळी वाचली असती. आमच्याकडे राखणीच्या बोटीवर असायचे लांबच्या किनाऱ्यावरचे लोक, बिचारे तेही पोटासाठी आलेले, पण त्यांना 'वाव' म्हणजे काय ते कळायचं नाही. निवृत्त तांडेल किती आहेत आपल्याकडे! डोळ्याला कमी दिसत असेल, पण रेडिओवर बोलायला काय हरकत?

म्हावरेवाली

माझा नवरा जाईल. लिहून ठेवा.

कलम-कचेरी

ही मागणी लेखी करता येईल. पण पहिला प्रश्न तोच येईल : जाळी कुठे असतात, केव्हा असतात? ब्लॉक काढण्याआधी मच्छीमारांचा वापर नकाशावर यायला हवा. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेकडून माशांच्या संभाव्य जागांचे अंदाज अक्षांश-रेखांशासकट येतात, मच्छीमार ते वापरतातही. उलट दिशेने, म्हणजे मच्छीमाराकडून सरकारकडे, जागांची माहिती कधी जातच नाही. सोसायट्यांनी हंगामनिहाय नोंद केली, ग्रामसभेचा ठराव जोडला, तर तो मालकीचा कागद होणार नाही, पण वापराचा पुरावा नक्की होईल. भरपाईच्या दाव्यात तोच लागतो.

रापणकार

वकीलसाहेब, एक भीती बोलतो. जागा लिहून दिली की ती ट्रॉलरवाल्यालाही कळणार. आमचे म्हातारे जागा पोरालाच सांगायचे, जावयालाही नाही.

कलम-कचेरी

भीती खरी आहे. म्हणून नेमका बिंदू द्यायचा नाही. चौकोन द्यायचा, ब्लॉक जसा असतो तसाच, आणि महिने लिहायचे. आतली खूण तुमच्याकडेच.

सुवर्णदुर्गकाठ

आठवडाभर उत्तर दिलं नाही, कारण हर्णैला होते. भावाच्या जीपीएसमधले बिंदू वहीत उतरवले. पेटीतून आजोबांची वही निघाली, जीपीएस येण्याच्या कितीतरी आधीची, मोडीमिश्रित अक्षरात. त्यात अक्षांश-रेखांश नाहीत. सुवर्णदुर्गाचा बुरूज आणि मागच्या डोंगराची घळ एका रेषेत आली की किती वाव, तळाला चिखल की वाळू, कुठल्या तिथीला काय लागलं, एवढंच. भावाने त्यातली एक ओळ वाचली आणि मशीनवर बोट ठेवलं. तोच चौकोन, जिथे जाळी कापली.

एकोणीस चौकोन झाले. सोसायटीच्या पुढच्या बैठकीत ठेवणार आहोत. दाभोळ, जयगड, देवगडकडचं कुणी वाचत असेल तर आपल्या बंदराचं पान सुरू करा.

रापणकार

मालवणचा पयला लिवतंय. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या दक्षिणेक, तळाक वाळू, दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत रापण. आत बांगडो, तारली. चौकोन उद्या आजोबांका इचारून धाडतंय.